अंदाजे बिनचूक

गणित आणि डेटा सायन्स हा पदवी अभ्यासक्रम एकाच वेळापत्रकात दोन ठिकाणी शिकवला जातो: सकाळी फळ्यासमोर, दुपारी संगणकासमोर. सकाळच्या तासाला जवळजवळ बरोबर असलेले उत्तर चूक धरतात. दुपारच्या प्रात्यक्षिकात जवळजवळ बरोबर आलेल्या उत्तराबद्दल पाठ थोपटतात. विद्यार्थी तोच असतो, डबाही तोच असतो. मधल्या सुट्टीत फक्त ‘बरोबर’ या शब्दाचा अर्थ बदलतो. याची पूर्वसूचना माहितीपत्रकात नसते. तेथे वातानुकूलित प्रयोगशाळेचे छायाचित्र असते.

हा धोका ओळखूनच की काय, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बी.स्टॅट. ही पदवी कोलकात्यात आणि बी.मॅथ. बंगळुरूत शिकवली जाते. नांदा सौख्य भरे, पण वेगवेगळ्या शहरांत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांकडे एवढी जागा नसल्याने येथे दोन्ही विषय एकाच जिन्यावर राहतात. पहिल्या मजल्यावर गणित विभाग असतो, त्याच्या वाट्याला एक लाकडी कपाट आणि दोन पंखे येतात. दुसऱ्या मजल्यावर डेटा सायन्स असते, त्याच्याकडे एसी असतो. एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरची हजेरी वाढते. तिचा संबंध विषयाच्या गोडीशी जोडणे म्हणजे सहसंबंधाला कार्यकारणभाव समजणे होय, आणि तसे समजू नये हेही त्याच मजल्यावर शिकवतात.

या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांमध्ये गणित आवडणारे काही असतात. उरलेल्यांना कोणीतरी ‘स्कोप आहे’ असे सांगितलेले असते. मराठी मध्यमवर्गात विद्याशाखांची मोजणी स्कोप या एककात होते. हे एकक मोजण्याचे उपकरण म्हणजे पुण्यात किंवा हिंजवडीत नोकरीला असलेला चुलत आत्येभाऊ. डेटा सायन्सचा स्कोप वाढण्याचे एक कारण मात्र नोंदवता येते. ऑक्टोबर २०१२च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये थॉमस डेव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील यांचा एक लेख आला. डेटा सायंटिस्टची नोकरी ही एकविसाव्या शतकातील सर्वांत अमुक नोकरी आहे, असे त्याच्या शीर्षकात म्हटले होते. त्यातल्या विशेषणाचे मराठी भाषांतर पालकसभेत करता येत नाही, म्हणून ते ‘सर्वांत मागणी असलेली’ असे केले जाते. पालक समाधानाने मान डोलावतात. फॉर्म भरला जातो.

यानंतर विषयाचे नाव घरच्यांना समजावण्याचा टप्पा येतो, आणि तो पदवी मिळाल्यावरही संपत नाही. डेटा म्हणजे रोजचा दीड जीबी, एवढे सर्वांना ठाऊक असते. ‘रोज रात्री डेटा संपला म्हणून ओरडतोस, आणि शिकतोस काय तर डेटाच?’ हा आईचा प्रश्न तर्काला धरून असतो. शासकीय मराठीत डेटाला विदा म्हणतात. तो शब्द वापरून पाहिला तर आजीला विडा ऐकू येतो, आणि नातू पानाच्या धंद्याचे काहीतरी शिकतो आहे असा तिचा समज होतो. संख्याशास्त्र म्हटले तर आणखी पंचाईत. शेजारचे काका ते अंकशास्त्र असे ऐकतात आणि नव्या गाडीसाठी नऊची बेरीज येणारा नंबर बरा की सहाची, असे विचारतात. नम्र विद्यार्थी दोन्ही शास्त्रांतला फरक सांगतो. अनुभवी विद्यार्थी ‘नऊ’ म्हणतो आणि पेढा खातो.

गणित एवढेच सांगितले तर आजोबा पुढे सरसावतात. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘साडेतीन नवे किती?’ असे त्यांनी विचारले की फूरिये श्रेणी येणारा नातू खिशातला फोन चाचपतो. आजोबा ‘साडेएकतीस’ म्हणून उठून जातात. त्या दिवशी घरात विद्यापीठाच्या शिक्षणाबद्दल जे मत तयार होते, ते पुढे कोणत्याही नॅक समितीला बदलता येत नाही. नातवाची बाजू अशी की दुसऱ्या सत्रानंतर गणितात अंक फारसे येतच नाहीत. शून्य, एक, क्वचित दोन. बाकी सगळी अक्षरे. लॅटिन संपली की ग्रीक.

त्या ग्रीक अक्षरांपैकी पहिले एप्सिलॉन. सकाळच्या भागाची खरी सुरुवात याच्यापासून होते, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत शेवटही. मराठी माणूस लहानपणापासून जवळ हा शब्द ऐकत आलेला असतो. एसटी स्टँडवर पत्ता विचारला तर ‘हे काय, इथं जवळच’ असे उत्तर मिळते, आणि मग तीन किलोमीटर चालावे लागते. ‘जवळ म्हणजे किती?’ असा उलटा प्रश्न करण्याची रीत नाही. एप्सिलॉन हा नेमका तो प्रश्न आहे. समोरच्याने कितीही लहान अंतर सांगावे, त्या अंतराच्या आत उत्तर आणून दाखवायचे, आणि त्यासाठी सुरुवात कुठून करायची ते डेल्टाने सांगायचे. ही व्याख्या एकदा अंगात भिनली की तो विद्यार्थी समाजात वावरायला थोडा अवघड होतो. ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणणाऱ्या मित्राकडे तो डेल्टा मागतो.

एप्सिलॉनची ही शिस्त कार्ल वायरश्ट्रास यांच्या नावाशी जोडलेली आहे. एटीकेटी लागलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र आवर्जून सांगावे असे आहे. वडिलांनी त्यांना १८३४ साली कायदा आणि अर्थकारण शिकायला बॉनला पाठवले. त्यात स्कोप होता. वायरश्ट्रास यांनी तेथे चार वर्षे तलवारबाजी केली, बिअर प्यायली आणि पदवी न घेता घरी परतले. नंतर बरीच वर्षे ते शाळामास्तर होते आणि गणिताबरोबर मुलांना सुलेखन व कसरतही शिकवत. अखेर १८५४ साली क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि पुढे बर्लिनने बोलावून घेतले. हे चरित्र पालकसभेत सांगत नाहीत.

सकाळच्या तासांची एक स्वतंत्र बोली असते आणि तिचा अर्थ कोशात मिळत नाही. ‘हे उघड आहे’ याचा अर्थ, सांगायला अर्धा तास लागेल. ‘हे सहज दाखवता येईल’ म्हणजे काल रात्री दाखवता आले होते. ‘हे विद्यार्थ्यांवर सोपवले आहे’ म्हणजे पुस्तकाच्या लेखकानेही ते कोणावर तरी सोपवले होते. सिद्धता पूर्ण झाल्यावर फळ्यावर एक छोटा चौकोन काढतात. तो पाहून वर्गात जी हालचाल होते, ती कीर्तनात ‘पुंडलिक वरदे’ ऐकल्यावर होणाऱ्या हालचालीसारखी असते: अर्थ कळला नाही तरी प्रकरण संपल्याचे सर्वांना कळते.

दुसऱ्या वर्षी संस्थिती येते, म्हणजे टोपॉलॉजी, आणि तिच्यात संच ओपन की क्लोज्ड हे ठरवावे लागते. मुंबई इलाख्यात ओपन आणि क्लोज या शब्दांना आधीपासून एक प्रतिष्ठित अर्थ आहे. कापूसबाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर आकडा लावण्याच्या धंद्यातून तो आला, आणि मटका या नावाने घरोघर पोचला. त्यामुळे वसतिगृहाच्या गॅलरीत फोनवर ‘अरे, तो ओपन आहे, पण क्लोज पण निघाला’ असे सांगणाऱ्या मुलाकडे रखवालदार आदराने पाहतो. गणितात हे खरोखर घडते. रिक्त संच एकाच वेळी ओपनही असतो आणि क्लोज्डही. मटक्यात असे झाले असते तर धंदा एका दिवसात बुडाला असता.

रेषीय बीजगणिताबद्दल येथे एवढेच पुरे, की तेच सर्वांत उपयोगी पडते, आणि त्याच तासाला सर्वांत जास्त मुले बंक करतात.

जेवण होते. जिना चढून विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावर येतो. येथे भाषा पायथन. ग्वीडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती प्रसिद्ध केली. नाव माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतलेले असले तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर अजगराचेच चित्र असते. या भाषेत ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. शुद्धलेखनाच्या वहीनंतर समासाची एवढी कडक शिस्त विद्यार्थ्याला प्रथमच भेटते. फरक एवढाच की बाई अर्धा गुण कापत असत आणि पायथन सगळेच नाकारते. पहिल्या प्रात्यक्षिकात देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची आठवण काढायला हरकत नसते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, आणि हेच करत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हा प्रोग्रॅम चालला की विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला डेटा सायन्स आले. अजून डेटा आलेला नसतो.

तो फुलांच्या रूपाने येतो. सांख्यिकीतले थोर शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आयरिसच्या दीडशे फुलांचा तक्ता छापला. तीन जाती, प्रत्येकीची पन्नास फुले, प्रत्येक फुलाची चार मापे. मोजमाप मुळात एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे. तेव्हापासून हीच दीडशे फुले जगभर पुन्हा पुन्हा ओळखली जात आहेत. अंगणातली सदाफुली आणि तगर यांत गोंधळ करणारा विद्यार्थी आयरिस व्हर्जिनिका पाकळीच्या लांबीवरून अचूक सांगतो, फक्त आयरिस त्याने कधी पाहिलेले नसते. फुले कोमेजली की टायटॅनिक येते. सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात ८९१ प्रवासी असतात, आणि कोण वाचेल याचे भाकीत करायचे असते. जहाज १९१२ सालीच बुडाले आहे. तरी दर सत्रात ते पुन्हा निघते, प्रत्येक बॅच गंभीर चेहऱ्याने भाकीत करते, आणि पहिल्या वर्गातल्या बायका वाचतात, तिसऱ्या वर्गातले पुरुष बुडतात. १७७ प्रवाशांचे वय नोंदलेले नाही. तेथे सरासरी घालतात. मृताच्या वयाबाबत असा परस्पर निर्णय एरवी फक्त तलाठी घेऊ शकतो.

इथपर्यंतचा डेटा परदेशी, म्हणजे धुतलेला आणि इस्त्रीचा असतो. खरी परीक्षा प्रकल्पाला गावचा डेटा घेतल्यावर होते. एखाद्या कार्यालयातून मोठ्या मिनतवारीने तक्ता मिळतो. तो उघडला तर काही पाने जुन्या फॉण्टमध्ये टंकलेली निघतात, आणि ‘ग्रामपंचायत’च्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची खिचडी दिसते. ते निस्तरले की रिकाम्या जागांचा प्रश्न येतो. पायथनच्या दृष्टीने रिकामे म्हणजे रिकामे. मराठी कारकुनी परंपरेत मात्र रिकाम्याचे अनेक प्रकार आहेत: आडवी रेघ, शून्य, ‘लागू नाही’, ‘माहिती अप्राप्त’ आणि सर्वांत भारदस्त, ‘निरंक’. या सर्वांचे अर्थ वेगळे आहेत आणि ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतात. तो बदलून गेलेला असतो.

त्याहून भयंकर शब्द म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कागदावर तो निरुपद्रवी असतो. संगणकात तक्ता वयानुसार लावण्याची आज्ञा दिली की वरच्या ओळी खाली जातात, खालच्या वर येतात, आणि प्रत्येक ‘वरीलप्रमाणे’ नव्या शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागतो. एका क्षणात अर्ध्या गावाच्या जाती, पिके आणि शौचालये यांची अदलाबदल होते. सहकार चळवळीला जे इतक्या वर्षांत जमले नाही, ते वाटप एका ओळीच्या कोडने होऊन जाते.

जमिनीच्या रकान्यात तर गणित विभागाने हात टेकावेत. एक एकर वीस गुंठे शेतकरी १.२० असे लिहितो. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने याचा अर्थ दीड एकर. संगणक त्याला एक पूर्णांक दोन दशांश समजतो आणि शेतकऱ्याची बारा गुंठे जमीन कुंपण न ओलांडता खातो. पुढच्याच ओळीत दुसऱ्याने हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, तेही १.२० असेच, तेथे शंभर आरांचा हेक्टर असल्याने दशांश चिन्ह योग्य असते. दोन्ही आकडे दिसायला जुळे, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. यंत्र शिकते असे म्हणतात. त्याला हे शिकवायला बांधावर न्यावे लागेल.

जन्मतारखेच्या रकान्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. संभाव्यतेच्या पहिल्याच धड्यात एक प्रसिद्ध प्रश्न असतो: खोलीत किती माणसे असली म्हणजे त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते? उत्तर २३. ते ऐकून इतर देशांतले विद्यार्थी चकित होतात. महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेला विद्यार्थी चकित होतो तो एवढी माणसे का लागावीत म्हणून. त्याचे आजोबा, आजोबांचे भाऊ, गावचे पोस्टमास्तर आणि निवृत्त मुख्याध्यापक या सर्वांचा जन्म १ जूनचा असतो. पूर्वी मूल शाळेत घालताना जन्मनोंद नसे. आई ‘आंबा मोहरला होता’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’ एवढे सांगे, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याच्या बेताने वय भरेल अशी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. पाठ्यपुस्तकातले सूत्र वर्षाचे सगळे दिवस सारखेच संभवनीय आहेत असे गृहीत धरते. सूत्रात खोट नाही. गृहीतकाची गाठ गुरुजींशी पडलेली नव्हती. गावात हरिपाठाला बसलेल्या मंडळीत दोघे पुरतात.

नमुना लहान असेल तर काय करावे, याचे उत्तर ‘स्टुडंट्स टी’ चाचणी देते. नाव ऐकून प्रथम वर्षाच्या वर्गात नेहमी एक गैरसमज होतो आणि त्यावर टपरीवर एक विनोदही होतो. प्रत्यक्षात तिचा चहाशी संबंध नाही. विल्यम सीली गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला होते. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापू नयेत असा कंपनीचा दंडक असल्याने १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध प्रसिद्ध केला. नाव चहाचे, जन्म बिअरचा. वायरश्ट्रास यांच्यानंतर बिअर या अभ्यासक्रमात दुसऱ्यांदा येते; तिला क्रेडिट मात्र दिलेले नाहीत.

याच प्रकरणात नल हायपोथेसिस, म्हणजे ‘फरक काही नाही’ हे गृहीतक, भेटते आणि मुलांना जेरीस आणते. पुरावा अपुरा असेल तर तिचा ‘स्वीकार केला’ असे लिहायचे नाही. ‘ती नाकारता आली नाही’ असे लिहायचे. परीक्षक यावर दोन गुण कापतात. हा फरक विद्यार्थ्याला समजत नाही, पण त्याच्या मोठ्या बहिणीला लगेच समजतो. पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणून जातात आणि कळवत नाहीत, तेव्हा जो निष्कर्ष निघतो, तोच हा.

नमुन्याचा विषय निघाला की सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव घ्यावे लागते. पीक किती आले हे ठरवण्याची जुनी पद्धत नजरेची. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की पूर्वी दुष्काळ धरत, आणि पहिल्या पैसेवारीला आजही ‘नजरअंदाज’ असे स्वच्छ नाव आहे. सुखात्मे यांनी शेतातून यदृच्छेने तुकडे निवडून, कापून, तोलून उत्पन्न काढण्याचा आग्रह धरला. कापणीचा तुकडा केवढा असावा यावर त्यांचे आणि महालनोबिस यांचे मत जुळले नाही. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येते, असे सुखात्मे यांनी दाखवले. कारण अगदी मानवी आहे. दोरीच्या काठावर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या मानाने काठ मोठा. विद्यार्थ्यांना हे कळायला सूत्र लागत नाही. ३८ गुणांचे ४० करणारा हात त्यांनी पाहिलेला असतो, आणि त्यांच्यातले कित्येक त्याच दोरीवर उभे राहून या वर्गात आलेले असतात.

सकाळ आणि दुपार यांचे भांडण एका माणसाने मात्र एकट्याने अंगावर घेतले होते. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातले कोसबे. १९३१ साली अलीगढला असताना आंद्रे वेय या फ्रेंच सहकाऱ्याच्या सुचवण्यावरून त्यांनी एक निबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीरपणे हवाला दिला. असा गणितज्ञ नव्हता. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या एका जुन्या थट्टेतून आलेले ते नाव होते. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या मित्रांनी याच नावाखाली सगळे गणित व्याख्या, प्रमेय, सिद्धता या क्रमाने नव्याने लिहायला घेतले. त्यात चित्र नाही आणि दयामायाही नाही. सकाळचा तास आज जसा कोरडा आहे, त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे; म्हणजे जी शैली विद्यार्थ्याला हसू देत नाही, तिच्या नावाला एका गोमंतकीयाने केलेल्या गमतीचा हातभार लागला. पुढे १९४३ साली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, कोसंबींनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. त्यातली मुख्य कल्पना नंतर कारहुनेन आणि लोव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगात त्यांच्याच नावाने ओळखली गेली. दुपारच्या प्रयोगशाळेत शंभर रकान्यांचे दोनचार कामाचे रकाने करून देणारी जी युक्ती मुले एका ओळीत चालवतात, ती याच कुळातली. दोन्ही मजल्यांवर कोसंबींचे चित्र लावलेले नसते. कपाट असलेल्या मजल्यावर जागा आहे, पण खिळा नाही.

शेवटच्या वर्षी मशिन लर्निंग येते. हा भाग अवघड समजला जातो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातल्या बहुतेक संकल्पना त्यांनी बोर्डाच्या परीक्षेतच अनुभवलेल्या असतात. यंत्राला जुनी उदाहरणे दाखवतात आणि नव्या उदाहरणांवर तपासतात. यंत्राने जुनी उदाहरणे नुसती पाठ केली तर सरावात शंभर टक्के मिळतात आणि परीक्षेत दांडी उडते. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. अपेक्षित प्रश्नसंचावर विसंबलेल्याला याची वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही. तपासणीची उदाहरणे सरावातच मिसळली गेली तर यंत्र अद्भुत हुशार दिसते. याला डेटा लीकेज म्हणतात. मराठीत याला पेपरफुटी म्हणतात, फरक एवढाच की प्रयोगशाळेत फेरपरीक्षा लगेच घेतात.

अचूकतेचे आकडे हा शेवटचा सापळा. म्हसवडसारख्या कोरड्या गावासाठी ‘उद्या पाऊस नाही’ असे रोज सांगणारे मॉडेल बहुतेक दिवस खरे ठरते. त्याला ढग, वारा, दमटपणा यांतले काहीही पाहावे लागत नाही. ते एकदाच चुकते: ज्या दिवशी शेतकऱ्याला विचारायचे होते त्या दिवशी. प्रकल्पाच्या सादरीकरणात हे मॉडेल उत्तम गुण मिळवते, कारण पडद्यावर नव्वदच्या पुढचा आकडा दिसला की बाहेरून आलेले परीक्षक चहा मागवतात.

परीक्षापद्धती दोन्ही मजल्यांना सामाईक आहे. संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम जर्नलमध्ये हाताने उतरवायचा, उजव्या पानावर कोड, डाव्या पानावर आउटपुट, आणि तारखांच्या रकान्यात वर्षभराच्या तारखा एका रात्रीत, वेगवेगळ्या शाईने. लेखी परीक्षेत पायथन पेनाने लिहावे लागते. ज्या भाषेत चार मोकळ्या जागांना अर्थ आहे, ती रेघांच्या कागदावर लिहिताना हुशार मुले पट्टी वापरतात. अलीकडे कोड लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यामुळे जर्नलमधले कोड निर्दोष झाले आहे आणि व्हायवा लांबली आहे. ‘ही ओळ काय करते?’ या प्रश्नावर विद्यार्थी ओळीकडे अशा नजरेने पाहतो, जशी माणसे लग्नाच्या अल्बममधल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहतात: आपल्याच कार्यातला दिसतो खरा, पण कोणाकडून आला कळत नाही.

पदवीनंतर नोकरी मिळते. पदनाम डेटा ॲनालिस्ट असते. पहिल्या आठवड्यात ग्रीक अक्षरांपैकी एकाचीही गाठ पडत नाही. काम एक्सेलमध्ये असते. साहेबांना सोमवारच्या बैठकीसाठी पाय चार्ट हवा असतो. आकडे येतात ३३.६, ३३.५ आणि ३२.९. दशांश नकोत, असा निरोप येतो. पूर्णांक केले की ३४, ३४ आणि ३३ होतात, आणि बेरीज १०१. साहेब भिंगाने पाहावे तसे वर्तुळ पाहतात आणि हे कसे झाले असे विचारतात. नव्या ॲनालिस्टला ते कसे झाले हे नेमके माहीत असते. पूर्णांकीकरणातली चूक जास्तीत जास्त किती वाढू शकते, याची सिद्धताही त्याला देता येते, आणि तो फळा शोधू लागतो. मग जेवणाची सुट्टी होते. सुट्टीनंतर तो जागेवर येऊन बसतो आणि तिसऱ्या, ‘इतर’ नावाच्या खान्यातला एक टक्का काढून टाकतो.